भुतांचा खाऊ, ओळखीच्या घरी

अमेरिकेत ऑक्टोबर लागला की दुकानांच्या फळ्या नारिंगी आणि काळ्या रंगांनी भरून जातात. घरांच्या पायऱ्यांवर भोपळे येऊन बसतात, कुंपणाच्या झुडपांवर कापसाची कोळिष्टके चढतात आणि ३१ तारखेच्या संध्याकाळी चेटकिणी, सांगाडे, राक्षस, झालेच तर एखादा अंतराळवीरही, हातात पिशवी घेऊन दारोदार फिरू लागतो. हा हॅलोवीनचा सण. नाव भुतांचे, पण सण मुलांचा. आणि मुलांचा सण म्हटला की स्वयंपाकघराला सुट्टी कुठली? त्या आठवड्यात कितीतरी घरांतून चॉकलेट ब्राउनी भाजल्याचा वास दरवळत असतो. मग तिच्यावर कुणी ममीच्या पट्ट्या काढते, कुणी कोळ्याचे जाळे विणते, कुणी टपोऱ्या डोळ्यांचे पांढरे भूत बसवते.

गंमत अशी की इतक्या हौसेने केलेली ही ब्राउनी दारात आलेल्या मुलाच्या पिशवीत पडत नाही. पिशवीत पडते ती कारखान्यातून आलेली, वेष्टनात बंद असलेली मिठाई. आईने स्वतःच्या हाताने केलेला पदार्थ अनोळखी मुलाला द्यायचा नाही आणि आपल्या मुलानेही तो अनोळखी घरून घ्यायचा नाही, हा तिथला अलिखित नियम होऊन बसला आहे. घरचे ते चांगले आणि बाहेरचे ते जरा जपून, असे लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्या मंडळींना हे उलटेच वाटेल. पण हा नियम काही पहिल्यापासून नव्हता.

हॅलोवीनचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील सेल्टिक लोकांच्या 'सॉविन' या सणात सापडते. सुगी संपून अंधारे, थंड दिवस सुरू होण्याची ती रात्र. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे माघारी येतात, अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला आणि आदल्या संध्याकाळला हॅलोवीन हे नाव पडले. या दिवसांत इंग्लंडमध्ये गोरगरीब घरोघर जात आणि घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात त्यांना छोटे गोल केक मिळत. गेलेल्यांच्या नावाने दारी आलेल्याला खाऊ घालायचे, ही कल्पना पितृपक्ष पाळणाऱ्या घराला परकी वाटू नये. आयर्लंडमध्ये आजही हॅलोवीनला 'बार्मब्रॅक' नावाचा मनुका घातलेला गोडसर पाव करतात. त्यात अंगठी दडवलेली असते. ज्याच्या तुकड्यात अंगठी येईल त्याचे लग्न लवकर जमणार! थोडक्यात, भट्टीतून काढलेला घरगुती पदार्थ या सणात चॉकलेटच्या वड्यांपेक्षा फार जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात बटाट्याच्या दुष्काळामुळे आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले आणि सण सोबत घेऊन आले. तिकडे ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. इथे त्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा. मुलांनी वेष बदलून दारोदार खाऊ मागण्याची पद्धत १९३० च्या दशकात रुळू लागली. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन आले तेव्हा ती थंडावली आणि युद्धानंतर पुन्हा जोमाने पसरली. त्या काळात दारावर सफरचंदे, लाह्यांचे लाडू, घरच्या कुकीज, ब्राउनी असे काहीही मिळे. कुणाची ब्राउनी मऊ आणि कुणाची कडक, हे गल्लीतल्या मुलांना पाठ असे.

मग भीती आली, आणि ती भुतांची नव्हती. १९७४ साली हॅलोवीनच्या रात्री टेक्सासमधील एका आठ वर्षांच्या मुलाचा मिठाईतून सायनाइड पोटात जाऊन मृत्यू झाला. सारा देश हादरला. तपासात निघाले ते आणखी भयंकर होते. विष कुणा अनोळखी घरातून आले नव्हते. विम्याच्या पैशांसाठी खुद्द बापानेच ते दिले होते. १९८४ साली त्याला मृत्युदंड देण्यात आला. दरम्यान १९८२ च्या शरद ऋतूत शिकागो भागात वेदनाशामक औषधाच्या बाटल्यांमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जण दगावले. ते प्रकरण ताजे असतानाच हॅलोवीन आला. मग सफरचंदात ब्लेड, मिठाईत विष अशा बातम्यांना आणि अफवांना ऊत आला. काही रुग्णालयांनी तर मुलांच्या पिशव्यांचे क्ष-किरण फोटो फुकट काढून द्यायला सुरुवात केली.

डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्या वर्षानुवर्षे तपासल्या. अनोळखी माणसाने हॅलोवीनच्या खाऊत विष घालून मुलाचा जीव घेतला किंवा त्याला गंभीर इजा केली, असे एकही सिद्ध झालेले प्रकरण त्यांना आढळले नाही. ज्याने मुलाला मारले तो बाप होता आणि बदनाम झाली ती शेजारीण. पण आयांच्या काळजाला आकडे कुठे पटतात? शेजारणीची ब्राउनी एकदा जी पिशवीतून हद्दपार झाली ती परत आली नाही.

अलीकडे या भीतीत गांजाची भर पडली आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाल्यापासून गांजा घातलेल्या गोळ्या, चॉकलेटे आणि ब्राउनीही मिळतात. त्यामुळे दरवर्षी हॅलोवीनला पालकांना इशारे दिले जातात. इथेही खरा धोका घरातच आहे. सहा वर्षांखालील मुलांनी असा खाऊ चुकून खाल्ल्याच्या २०१७ साली २०७ घटना अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे नोंदल्या गेल्या होत्या. २०२१ साली तो आकडा ३,०५४ झाला. बहुतेक मुलांना तो खाऊ सापडला तो घरातच, मोठ्यांनी ठेवलेला.

तर अशा रीतीने दारावरची वाट बंद झालेली ब्राउनी आता जाते कुठे? जाते ती ओळखीच्या घरी. मुलाच्या मित्रमंडळींच्या पार्टीला, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना, शेजारच्या आजीबाईंना. शाळेत मात्र विचारल्याशिवाय नेऊ नये. बऱ्याच शाळा आता फक्त दुकानातला, घटकांची चिठ्ठी असलेला खाऊच वर्गात येऊ देतात. न्यूजर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी घरांत तर हा सण दिवाळीच्या अगदी शेजारी येतो. २०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन दोन्ही ३१ ऑक्टोबरला होते. पहाटे उटणे आणि चकल्या, संध्याकाळी चेटकिणीची टोपी! अशा घरच्या टेबलावर करंजीच्या शेजारी भुताची ब्राउनी दिसली तर नवल नाही.

ब्राउनी हे नावही गमतीचे आहे. स्कॉटलंडच्या लोककथांत ब्राउनी म्हणजे घरात वावरणारे एक छोटेसे भूत. रात्री सगळे झोपले की हे भूत घरकाम उरकून टाकते आणि बदल्यात वाटीभर दूध-सायीवर खूश असते. असे भूत कुठल्या गृहिणीला नको असेल! केकला मात्र हे नाव बहुधा त्याच्या तपकिरी रंगावरून मिळाले. शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाला येणाऱ्या स्त्रियांच्या जेवणाच्या डब्यांसाठी, हात न माखता खाता येईल असा केक म्हणून ब्राउनी जन्मली, असे सांगतात. म्हणजे डब्यात घालून नेणे आणि चारचौघींत वाटणे हे तिच्या जन्मापासूनचेच काम.

कृती

साहित्य: लोणी ११५ ग्रॅम, गडद चॉकलेट १७० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, अंडी २ मोठी, मैदा ६५ ग्रॅम (अर्धा कप), कोको पावडर २ मोठे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा. अमेरिकेतली साखर बारीक असते. आपल्याकडची जाड साखर मिक्सरमधून एकदा फिरवून घ्यावी, पण पीठ करू नये.

आठ इंची चौकोनी ट्रेला बटर पेपर लावावा. कागद दोन बाजूंनी बाहेर येईल इतका लांब घ्यावा. पुढे तोच धरून अख्खी वडी उचलता येते. ओव्हन १७५ अंश सेल्सियसवर (३५० फॅरनहाइट) तापत ठेवावा. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर दुसरे भांडे ठेवून त्यात लोणी आणि चॉकलेट वितळवावे. खाली उतरवून गरम असतानाच साखर घालून ढवळावे. मिश्रण कोमट झाले की एकेक अंडे घालून प्रत्येक वेळी चांगले मिनिटभर फेटावे. या फेटण्यात कंटाळा करू नये. साखर अंड्यात विरघळली की भाजताना वर तो कागदासारखा पातळ, चमकदार पापुद्रा येतो आणि ब्राउनीची निम्मी शोभा त्यातच असते. मग इसेन्स घालावा. मैदा, कोको आणि मीठ चाळून घालून हलक्या हाताने, पांढरे दिसेनासे होईपर्यंतच कालवावे. जास्त घोटले तर ब्राउनी चिवट होते.

२५ ते ३० मिनिटे भाजावे. केकमध्ये टोचलेली काडी कोरडी निघावी लागते, ब्राउनीत मात्र तिला थोडा ओलसर चुरा चिकटलेला हवा. काडी स्वच्छ निघाली तर समजावे की उशीर झाला. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायला घेऊ नये. मुले सुरीभोवती घोटाळत असतील तर त्यांना भोपळा कोरायला बसवावे! कापण्यासाठी प्लॅस्टिकची सुरी उत्तम, तिला मिश्रण कमी चिकटते. दोन-दोन इंचांचे सोळा तुकडे होतात.

अंडे चालत नसेल तर दोन अंड्यांऐवजी अर्धा कप घट्ट दही घुसळून घ्यावे आणि मैद्यात अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर मिसळावी. चमकदार पापुद्रा येणार नाही आणि पोत जरा केककडे झुकेल. पण वर सजावट होणारच आहे, तेव्हा पापुद्र्याची चुटपुट नको. दूधही नको असेल तर दर अंड्यामागे एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून वापरावी आणि लोण्याऐवजी तेल घ्यावे, साधारण १०० मिलिलिटर. चॉकलेटही मग बिनदुधाचे पाहून आणावे.

भुते बसवताना

सर्वांत सोपी ममी. व्हाइट चॉकलेट मंद आचेवर वितळवून बटर पेपरच्या कोनात भरावे. मेंदीचा कोन धरता येणाऱ्या बाईला यात शिकण्यासारखे काही नाही. तुकड्यावर आडव्यातिडव्या पट्ट्या ओढाव्यात, मध्ये डोळ्यांपुरती फट ठेवावी. पट्ट्या वेड्यावाकड्या आल्या तरच ममी खरी वाटते, म्हणून हे काम मुलांवर सोपवायला हरकत नाही. एक जपावे: वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंबही पडू देऊ नये, नाहीतर ते गोळा होऊन बसते. रंग घालायचा तर तेलात विरघळणारा घ्यावा, पाण्यातला नको.

जाळ्यासाठी १०० ग्रॅम गडद चॉकलेटवर १०० मिलिलिटर गरम साय ओतून ढवळावे आणि हे मिश्रण न कापलेल्या, गार वडीवर पसरावे. ते ओले असतानाच कोनाने व्हाइट चॉकलेटची एकात एक वर्तुळे काढावीत आणि दात कोरण्याची काडी मध्यापासून कडेकडे आठ वेळा ओढावी. जाळे आपोआप उमटते. पहिल्यांदा करणारीलाही जमते आणि बघणारे मात्र थक्क होतात. जाळ्यावर कोळी हवा असेल तर चॉकलेटची गोळी बसवून कोनाने पाय काढावेत. पाय आठ काढावेत. सहा पायांचा कोळी शाळकरी मुले चालवून घेत नाहीत.

अख्ख्या वडीवर चॉकलेट बिस्किटांचा चुरा पसरून, मारी बिस्किटांचे अर्धे तुकडे उभे रोवून कबरस्तान करण्याचीही तिकडे फार हौस आहे. दिसायला ते झकास दिसते. पण ज्या घरात नुकतेच कुणी गेले असेल तिथे हे नेऊ नये. पाहुण्यांत तीन-चार वर्षांची मुले असतील तर रक्ताचे ओघळ आणि कापलेली बोटेही टाळावीत. त्या वयाला खोटे भूत आणि खरे भूत यांतला फरक अजून पक्का कळत नाही. हसणारे भूत चालते, दात विचकणारे रात्री उठून बसवते.

पांढऱ्या भुतासाठी बहुतेक जण मार्शमॅलो वापरतात. ब्राउनी ओव्हनमधून काढल्याबरोबर वर ठेवला की तो जरासा वितळून छान बसतो. मग चॉकलेटने डोळे काढले की भूत तयार. शाकाहारी घरांनी सावध व्हायचे ते इथेच. नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असते आणि ते डुकराच्या किंवा गाईगुरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. बाजारात मिळणाऱ्या साखरेच्या डोळ्यांवर आणि चकचकीत गोळ्यांवर पुष्कळदा लाखेचा लेप असतो. लाल रंगात किड्यांपासून काढलेले 'कार्माइन' असू शकते. अमेरिकेत २०११ पासून हे नाव वेष्टनावर स्पष्ट छापावे लागते, त्यामुळे वाचले तर कळते. जिलेटिनशिवायचे मार्शमॅलोही मिळतात. नाहीतर व्हाइट चॉकलेटचा ठिपका आणि त्यावर गडद चॉकलेटचा बारीक थेंब, असे डोळे घरीच करावेत.

चिठ्ठी

आता सगळ्यांत महत्त्वाची सजावट, आणि ती ब्राउनीवर नसते. ताटलीशेजारी ठेवायची ती एक चिठ्ठी. अमेरिकेत २००४ च्या कायद्याने वेष्टनातल्या खाद्यपदार्थांवर दूध, अंडे, मासे, कवचधारी जलचर, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू आणि सोया या आठ गोष्टी ठळक सांगाव्या लागतात. १ जानेवारी २०२३ पासून तीळ नववा झाला. यांतल्या एखाद्या गोष्टीची ॲलर्जी असणाऱ्या मुलाला तिचा कणही भारी पडू शकतो. अंगावर पित्त उठण्यापासून ते श्वास कोंडण्यापर्यंत, काही मिनिटांत. आणि साध्या ब्राउनीत गहू, अंडे, दूध आणि चॉकलेटमधला सोया, म्हणजे नवांपैकी चार तर हटकून आलेच. दुकानातल्या ब्राउनीवर कायदा चिठ्ठी लावतो. घरच्या ब्राउनीवर ती आईनेच लावायची असते.

पार्टीत नेहमी घडते ते असे. मुलगा ताटलीकडे हात नेतो आणि मध्येच थबकून विचारतो, "काकू, यात अंडं आहे का?" काकू कामाच्या गडबडीत म्हणतात, "बहुतेक नसावं रे." हे 'बहुतेक' फार महाग पडू शकते. म्हणून ब्राउनी करतानाच, वेष्टने टाकून देण्यापूर्वी, त्यांवरून लिहून काढावे: मैदा, लोणी, अंडी, सोया असलेले चॉकलेट; मार्शमॅलोत जिलेटिन आहे; सुकामेवा घातलेला नाही, पण चॉकलेटच्या वेष्टनावर त्याचा अंश असू शकतो असे छापले आहे; याच मिक्सरमध्ये शेंगदाण्याचे कूट होते. शेवटचे वाक्य मराठी घरांनी मुळीच गाळू नये! अंड्याच्या आणि बिनअंड्याच्या ब्राउनी वेगळ्या ताटल्यांत, वेगळ्या चिमट्यांसह ठेवाव्यात. बिनअंड्याच्या सगळ्या ममी आणि अंड्याची सगळी जाळी, असे ठरवून टाकले की लहान मुलांनाही ओळखता येते. 'सुकामेवा अजिबात नाही' अशी हमी घरगुती स्वयंपाकघरातून सहसा देता येत नाही, तेव्हा देऊ नये. 'घातलेला नाही' एवढेच म्हणावे. ज्या मुलाला तीव्र ॲलर्जी आहे त्याच्या आईला आधीच फोन करावा. तिने मुलासाठी वेगळा डबा पाठवला तर राग मानू नये.

अशा मुलांसाठी दारावरही आता सोय होऊ लागली आहे. २०१४ पासून अमेरिकेत निळसर हिरव्या भोपळ्याची मोहीम देशभर चालते. ज्या घराच्या पायरीवर या रंगाचा भोपळा, तिथे खाऊऐवजी पेन्सिल, चिकटचित्रे, छोटी खेळणी असे काहीतरी मिळणार, हे मुलांना लांबूनच कळते. घरी पार्टी असली तरी चार-पाच खेळणी वाटीत काढून ठेवायला काय जाते?

ब्राउनी दोन दिवस आधी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर चव उलट मुरते. सजावट न केलेली वडी गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये दोन महिने सहज राहते. मात्र मार्शमॅलोची भुते त्याच दिवशी बसवावीत, दुसऱ्या दिवशी ती चिवट होतात. सायीचे जाळे काढले असेल तर उरलेली ब्राउनी फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी. घरात कुत्रा असेल तर डबा वरच्या फळीवर ठेवावा. चॉकलेटमधील थिओब्रोमाइन कुत्र्यांना बाधते आणि गडद चॉकलेटमध्ये ते अधिक असते. रात्री उशिरा, मुले पिशव्या रिकाम्या करून मिठाई मोजत बसलेली असताना, ब्राउनी कोमट करून त्यावर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा घालावा आणि मोठ्यांनी ती निवांत खावी.